सांगता येत नाही

काचेच्या सुईचे टोक चिमट्याने जरासेच मोडायचे असते. ताईच्या हातून ते जास्त मोडले. तिने ती सुई डब्यात टाकली आणि नवी बसवली. भिंगाखाली माशांची अंडी खोबणीत ओळीने बसली होती. मोहरीएवढी, आरपार दिसणारी, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एकच पेशी, छोट्या टेकाडासारखी वर आलेली. त्या एकीच्या दोन व्हायच्या आत टोचून व्हायला हवे होते. दोन झाल्या की अंडे कामातून गेले, आणि मासे काही तिच्या सोयीने पुन्हा अंडी घालणार नव्हते.

"येऊ का आत?"

असे विचारून इथे कोणी येत नसे. ताईने भिंगावरून डोळे न काढताच आवाज ओळखला.

"आई? तू इथे कशी?"

"लिफ्टने." आई दारातच उभी होती, पर्स पोटाशी धरून. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलो होतो. म्हटलं, इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, एकदा बघावा तरी ताईचा कारखाना."

"आणि बाबा?"

"खाली गाडीत बसलेत. म्हणाले, तूच जाऊन ये."

"ते बरे वर येतील! बस त्या स्टुलावर. आणि कशाला हात लावू नकोस."

"तुला मी एक्सचेंजमध्ये न्यायचे ना, तेव्हा अगदी ह्याच सुरात सांगायचे," आई म्हणाली आणि उंच स्टुलावर चढून बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

ताईने पायाखालची कळ दाबली. सुईतून थेंब सुटला, टेकाडाच्या आत गुलाबी ठिपका उमटला आणि हळूहळू विरला. पुढचे अंडे. त्याच्या पुढचे. आईची नजर आपल्या हातांवर आहे हे तिला जाणवत होते. वर्षानुवर्षे न थरथरलेले ते हात आज उगाचच सावध झाले होते.

"काय टोचतेस गं?"

"सांगते. पण मध्येमध्ये थांबेन."

"थांब की. मी कुठे पळून चाललेय."

"पेशीच्या आत सारखे निरोप सुटत असतात," ताई भिंगात बघतच बोलू लागली. "हे बनवा, ते बनवा. सुरुवातीला सगळ्यांना एकच निरोप. एकीच्या दोन व्हा, दोनाच्या चार व्हा. पण मज्जापेशी व्हायचं तर हे वाढत बसणं थांबायला हवं. नाहीतर नुसती गर्दी होते, मेंदू होत नाही." तिने श्वास रोखला, टोचले, श्वास सोडला. "तर एक इवलासा धागा असतो, मायक्रोआरएनए. तो स्वतः काहीच बनवत नाही. तो जाऊन त्या जुन्या निरोपावर बसतो आणि निरोप लागूच देत नाही. ते निरोप गप्प झाले की मग पेशी मज्जापेशी व्हायला मोकळी."

आईने सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. तिला हे समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे कॉल आलाय, पण जोडायचाच नाही."

"साधारण तसं."

"साधारण!" आई हसली. "कधीतरी 'अगदी तसंच' म्हण गं बाई. मग ह्यात तुझं काम काय?"

"मी त्या धाग्यालाच अडवते. तो नसला तर काय बिघडतं ते बघायचं. त्यावरून कळतं तो काय करत होता."

"तो धागा थोडा तुझ्या आत्यासाठी बांधून दे. फोन ठेवतच नाही ती."

"आई, हसवू नकोस, हात हलतो. त्या पलीकडच्या भिंगात कालची आहेत. बघायची तर बघ. बशी हलवू नकोस."

आई स्टुलावरून उतरली. चष्मा कपाळावर सारून तिने भिंगाला डोळे लावले. ताईची एक ओळ संपत आली तरी तिकडून आवाज नाही. मग अगदी हळू:

"अगं, ह्यांचं काळीज दिसतंय. धडधडतंय."

"हो. एका दिवसाची आहेत."

"ह्यांना काय टोचलंयस?"

"त्यांना काही नाही. ती हात न लावलेली. तुलनेसाठी ठेवावी लागतात."

"मग हा एक..." आई थांबली. "ह्याचं डोकं नीट झालेलं नाही."

ताईने सुईखालचे अंडे आधी टोचून घेतले. "असतात काही. दर खेपेला थोडी अशी निघतातच."

"काहीच न करता?"

"काहीच न करता."

"कशामुळे?"

"सांगता येत नाही."

आईने भिंगावरून डोळे काढले नाहीत. हा प्रश्न कुठून आला ते तिला ठाऊक होते.

ताईला ताई म्हणणारे धाकटे असे घरात कोणी नव्हते. ती शाळेतही जात नव्हती तेव्हा आईला दिवस गेले. आता तू मोठी होणार, सवय कर, म्हणून आईबाबांनी तिला आधीपासूनच ताई म्हणायला सुरुवात केली. बाळ झाले, मुलगा होता. त्याचे डोके भुवयांच्या वर झालेच नव्हते. तो संध्याकाळपर्यंत राहिला. हाक मात्र तशीच राहिली. ती शेजाऱ्यांनी उचलली, तिच्या मागोमाग शाळेत गेली, इथेही आली. चाळिशी ओलांडलेली ही बाई, पाठीवर कोणी नसताना, सगळ्यांची ताई होती.

पुढे ती गर्भातल्या मज्जापेशींवर काम करू लागली, आणि आईने विचारायला सुरुवात केली. समोर बसवून नाही. भाजी निवडताना, फोन ठेवता ठेवता. सर्दीची गोळी घेतली होती, त्याने होतं का? जिन्यावरून पाय घसरला होता, त्याने? सिलिंडर उचलला होता. थिनरच्या वासाने होतं का? बाबा गॅरेजात गाड्यांना फवाऱ्याने रंग मारत. त्यांच्या कपड्यांना तो वास कायमचा होता. ताई प्रत्येक प्रश्नाला तपासून उत्तर देई. गोळीचं नाव सांग, बघून सांगते. पाय घसरल्याने नाही. थिनरबद्दल नक्की सांगता येत नाही. काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही. आणि मी ज्यावर काम करते ती पुढची पायरी आहे, आई. हे डोक्याचं तिच्या आधीच बिघडतं, चौथ्या आठवड्यात, जेव्हा दिवस गेलेत हेही बहुतेकींना कळलेलं नसतं.

हे शेवटचे तिने मुद्दाम सांगितले होते. जे कळलेच नव्हते त्याची काळजी बाई कशी घेणार, असा त्याचा अर्थ. आईला धीर येईल असे तिला वाटले होते. आईने तेव्हा फोनवर 'चौथ्या' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला होता.

एकदा तर ती चिडलीच होती. "हो की नाही, एका शब्दात सांग ना! एवढे शब्द लागतात कशाला तुम्हाला?"

ताईला एका शब्दात सांगता आले नव्हते.

"ताई." आई आता भिंगापासून दूर झाली होती. "दोन मिनिटं खाली येतेस?"

"आत्ता? कशाला?"

"बाबा आहेत ना खाली. त्यांच्याशी जरा बोल."

"काय बोलू?"

आईने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडवला. "हेच. आत्ता मला सांगितलंस ते."

"माशांचं? बाबांना माशांत कधीपासून गोडी लागली?"

"ये ना. दोनच मिनिटं."

"आई, ही अंडी थांबत नाहीत गं. अजून राहिलीत बरीच. रविवारी येतेच आहे मी, तेव्हा बोलू निवांत."

"बरं, बरं. राहू दे. तुझी अंडी फुटतील."

"फुटत नाहीत. दुभंगतात."

"तेच ते."

"तेच नाही, आई."

आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोही सुई हलू नये इतका जपून. "जेवून घे वेळेवर," ती म्हणाली. ताईने डोके वर केले तेव्हा दार आपोआप मिटत आले होते. शेवटच्या ओळीतली अंडी तोवर दुभंगलीच होती. ती टाकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. "ताई, आई उठत नाहीये," ते म्हणाले, इतक्या साध्या आवाजात, की आई लोळत पडल्याची तक्रारच करताहेत असे तिला क्षणभर वाटले.

इस्पितळातले डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. मेंदूत रक्तस्राव झाला, झोपेतच, त्यांना कळलंही नसेल, असे ते म्हणाले. रक्तदाब तर ठीक होता, ताई म्हणाली, मग कशामुळे? डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही." उत्तर बरोबर होते. ताईने मान डोलावली. आणि तरीही ती बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, ते आणखी काही बोलतील म्हणून.

बाबा बाकावर बसले होते. त्यांनी कोणालाच काही विचारले नाही.

भेटायला येणाऱ्यांची ये-जा थांबल्यावर ताई कामावर परतली. पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले. प्रयोगशाळा मॅडमची, ताई त्यांच्याकडे सगळ्यात जुनी. दोघींनी मिळून कितीतरी वर्षे ज्यावर घालवली होती तो निबंध परीक्षकांकडून परत आला होता.

"आधी सांग, बरी आहेस?"

"आहे."

"खोटं बोलतेस. पण ठीक आहे." मॅडमनी कागद तिच्याकडे सरकवला. "त्यांना एक ठाम वाक्य हवंय. बाकी सगळं मान्य आहे. 'ह्या मायक्रोआरएनएमुळे पूर्वपेशींच्या मज्जापेशी होतात.' एवढं लिहायला काय हरकत आहे तुझी?"

"त्याला अडवलं की मज्जापेशी कमी होतात, एवढं आपण बघितलंय. त्याच्यामुळेच होतात, हे नाही बघितलं. दुसरंही काही असू शकतं."

"असू शकतं! पानापानावर तुझं ते 'कदाचित'. वाचणाऱ्याला वाटेल, ह्यांचं ह्यांनाच पटलेलं नाही."

"पटलंय मला. पण पटणं वेगळं, मॅडम."

"त्या दुसऱ्या प्रयोगशाळेतली मंडळी ह्याच वाटेवर आहेत, माहितीये ना? ते लिहून मोकळे होतील. आपण बसू टाळ्या वाजवत."

"मग वाजवू."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या की त्यांचा आवाज खाली जाई. "एक सांगू? तुला ते खरं वाटतंय, मलाही वाटतंय, उद्या ते खरंच ठरणार आहे. आणि तरी तुझ्या जिभेवरून ते उतरत नाही. हा प्रामाणिकपणा आहे की भीती, ते बघ एकदा. मी वाक्य घालणार आहे. त्याखाली तुझं नाव ठेवायचं की नाही, ते शुक्रवारपर्यंत सांग."

ताई उठली आणि माशांच्या खोलीत गेली. उबवणीच्या कपाटातून तिने विद्यार्थ्यांनी काल भरून ठेवलेल्या बशा काढल्या. हात न लावलेली बशी आधी तपासायची, असा तिचा शिरस्ता होता. त्यात जी बिघडलेली असतील ती ड्रॉपरने उचलून टाकायची आणि आकडा लिहायचा. टोचलेल्या बशीतल्या बिघडलेल्यांतून तो वजा करायचा. उरेल तो आपण टोचलेल्या थेंबाचा परिणाम. वजा झालेल्यांविषयी पुढे कोणी विचारत नसे. ताईनेही कधी विचारले नव्हते.

त्या दिवशी बशीत असे एक होते. काळीज धडधडत होते, शेपटी मधूनच झटका देत होती, आणि डोक्याच्या जागी नुसता चपटा भाग. ताईने ड्रॉपर त्याच्याजवळ नेला आणि तिचा हात तिथेच अडला. तुझी चूक नव्हती, आई. एवढेच म्हणायला हवे होते. त्याला काही पुरावा लागत नव्हता, आणि लागला असता तरी तो रोज सकाळी तिच्या बोटांखालून जात होता. पण आईने कधी सरळ तसे विचारले नाही. तिने गोळीचे विचारले, सिलिंडरचे विचारले, आणि ताईने गोळीचे उत्तर दिले, सिलिंडरचे उत्तर दिले. परीक्षकाच्या शंकांना द्यावे तसे, एकेक करून.

तिने ते अंडे उचलून टाकले. आकडा लिहिला.

शुक्रवारी ती मॅडमच्या दारात उभी राहिली. "माझं नाव काढा," ती म्हणाली.

मॅडमनी वर बघितले. दोघींनाही ठाऊक होते की आता हे परत फिरवता येणार नाही.

रविवारी दुपारी ती बाबांकडे गेली. त्यांनी वरण-भात असे काही केलेले नव्हते; सकाळच्या पावाचे तुकडे ताटलीत तसेच होते. ताईने ताटली उचलली, ओटा पुसला, चहाचे पाणी ठेवले. बाबा टेबलाशी बसून तिची ही हालचाल बघत होते, पाहुण्यासारखे.

खिडकीच्या चौकटीवरचा रंग पापुद्रे धरून सुटला होता. ताईने नखाने एक पापुद्रा काढला.

"सगळा निघालाय हा. रंगवायला माणूस बोलावू का?"

"बोलाव."

हातात एवढी कला असून बाबांनी ह्या घराला कधी ब्रश लावला नव्हता. रंगाऱ्याच्या घरी बाहेरून रंगारी येतो, म्हणून शेजारी चेष्टा करत. घरी कोण फुकट राबतो, असे बाबा हसून म्हणत. ताईनेही ते तसेच धरून ठेवले होते.

"ताई, एक विचारायचंय. खरं सांगशील?"

"मी खोटं कधी सांगितलंय का?"

"नाही. म्हणून तर इतकी वर्षं विचारलं नाही."

ती वळली. बाबांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते.

"बाळाचं ते चौथ्या आठवड्यात बिघडतं, असं तू आईला सांगितलं होतंस. बरोबर?"

"हो."

"ती बोलून गेली माझ्यासमोर. मलाही बरं वाटेल, असं वाटलं असेल तिला. मी मागे मोजत गेलो." ते थांबले. "आमच्या गॅरेजात संप होता तेव्हा. मी गाड्यांची दारं घरी आणून रंगवत होतो. पुढच्या खोलीत. ओल्या रंगावर धूळ बसली की काम वाया जातं, म्हणून खिडक्या लावून घ्यायचो. सगळ्या."

"बाबा..."

"थांब, बोलू दे. आई आत स्वयंपाक करायची. तिला मळमळायचं. मी म्हणायचो, थिनर चढलाय, होईल सवय. दिवस गेलेत हे कोणाला माहीत होतं?"

ताईच्या पाठीमागे पाणी उकळायला लागले होते. तिने न बघताच हात मागे नेऊन गॅस बंद केला.

तोपर्यंत त्यांच्याकडे नुसता संशय असणार, आकार नसलेला. धीर म्हणून तिने आईच्या हाती दिलेल्या त्या आठवड्याने त्याला जागा मिळाली होती, एक खोली, बंद खिडक्या. आणि आई. गोळी एकदाच विचारली होती तिने. जिना एकदाच, सिलिंडर एकदाच. थिनर मात्र पुन्हा पुन्हा येत राहिला होता, वर्षावर्षाने, दर वेळी वेगळ्या वाक्यात. फोनवरची बाई स्वतःसाठी विचारत नव्हती.

"मग आई म्हणायला लागली, मी ताईला विचारलंय. ताई म्हणाली, रंगाचा काहीएक संबंध नाही. दर वेळी हेच. आणि मला दर वेळी वाटायचं, ताई असं म्हणायची नाही." बाबा किंचित हसले. "तुला आज रविवार आहे का विचारलं, तरी तू आधी कॅलेंडर बघशील."

ताई हसली नाही.

"त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडून निघताना मीच तिला म्हटलं, चल, आत्ता जाऊ या, समोरासमोर विचार. वर यायचं धाडस नव्हतं माझं. मी गाडीत बसून राहिलो. ती खाली आली, पट्टा लावला आणि म्हणाली, विचारलं. ताई म्हणाली, रंगामुळे नाही झालं. स्वच्छ शब्दांत म्हणाली." बाबांनी टेबलावरचे हात उताणे केले. "त्या दिवशी मी तिच्यावर विश्वास ठेवला. का कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर होतं काहीतरी, आपण काही बघून आलोय असं. त्या रात्री मी कधी नव्हे तो गाढ झोपलो, ताई. नाहीतर मला जाग असते. शेजारी नुसती कूस बदलली तरी कळतं."

त्याच रात्री शेजारी आई झोपेतच गेली होती.

"आता तिला विचारता येत नाही," ते जरा वेळाने म्हणाले. "म्हणून तुला विचारतोय. तू असं म्हणाली होतीस?"

ताईने समोरची खुर्ची ओढली आणि बसली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. खरे उत्तर तिला तोंडपाठ होते. काही अभ्यासांत दिसते, काहींत दिसत नाही. नाही असे म्हणता येत नाही. शब्द आपोआप ओळीने येऊन जिभेपाशी उभे राहिले. ते उत्तर दिले तर आई खोटी ठरणार होती. आणि तिच्यावर विश्वास ठेवून ज्या एका रात्री हा माणूस झोपला, ती रात्र त्याला जन्मभर छळणार होती.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. असे बघणे तिला कळत होते.

"म्हणाले होते," ती म्हणाली.

"रंगाचं नाव घेऊन?"

"रंगाचं नाव घेऊन."

"काय म्हणालीस? तुझ्या तोंडून ऐकू दे एकदा."

"रंगामुळे नाही झालं, बाबा. तुमच्यामुळे नाही झालं."

बाबा हलले नाहीत. ते वाट बघत होते. लेकीच्या प्रत्येक वाक्याला मागे शेपूट असते हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

"पुढे?" त्यांनी विचारले.

"पुढे काही नाही," ताई म्हणाली. "एवढंच म्हणाले होते."